घरचं वळण

आमच्या बे एरियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून दोनदा हमखास एकच भांडण होतं. एकदा जूनअखेरीस, सॅन फ्रान्सिस्कोची प्राइड, म्हणजे समलिंगी-पारलिंगी लोकांच्या अभिमानाची, मिरवणूक निघाली की. आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरअखेरीस, फॉल्सम स्ट्रीटची, लेदरवाल्यांची (चामड्याचे वेष हा ज्यांच्या लैंगिक आवडीचा भाग, त्यांची) जत्रा भरली की. कुणीतरी फोटो टाकतं. उघड्या अंगावर आडवेउभे चामड्याचे पट्टे बांधलेला, मिशांना पीळ दिलेला एखादा साठीचा गृहस्थ. खालचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘माझा या लोकांना विरोध नाही, पण...’ त्या ‘पण’च्या मागून लहान मुलं येतात, संस्कृती येते, आणि शेवटी ‘अशानेच यांची चळवळ बदनाम होते’ ही काळजीही येते. मग इथेच जन्मलेली, मराठी रोमनमध्ये टाइप करणारी पोरं तुटून पडतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी बारवर पोलिसांची धाड पडून दंगल झाली, तेव्हा पहिला दगड लेदरवाल्यांनीच मारला, ज्याला खुपतं तो होमोफोब, विषय संपला. दोन दिवस धुरळा उडतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘कोणाकडे चांगलं विरजण आहे का’ असं विचारतं आणि सगळे शांत होतात.

मला दोन्ही बाजूंचा वैताग येतो, आणि तो सारख्याच कारणासाठी. मिरवणुकीत कोण चालणार हा एक प्रश्न आहे. कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, कितपत कपड्यांत चालायचं हा दुसरा. दुसरा प्रश्न महापालिकेचा आहे. फटाके, लाउडस्पीकर आणि पार्किंग यांच्या पंगतीतला. त्यावर घासाघीस व्हावी, मतदान व्हावं, आज एक नियम आणि उद्या दुसरा असंही चालेल. पहिला प्रश्न मात्र घासाघिशीचा नाही. ‘विरोध नाही, पण’वाले दुसऱ्या प्रश्नाचं बोट धरून पहिल्यात शिरतात: कपडे आवडले नाहीत, तेव्हा माणूसच वगळा. आणि पोरं पहिल्याच्या जोरावर दुसरा उडवून लावतात: माणूस आपला, तेव्हा नियम कसला? माझं म्हणणं असं की या शहराने हे दोन प्रश्न बऱ्यापैकी वेगळे ठेवून दाखवले आहेत, आणि जेव्हा जेव्हा त्यांची सरमिसळ झाली तेव्हा तेव्हा नुकसान झालं आहे.

आधी दुसरा, सोपा प्रश्न. २०१२ च्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांना मार्केट स्ट्रीटवरची जुन्या ट्रामची फेरी घडवावी म्हणून आम्ही एफ लाइनमध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यावर, कॅस्ट्रोमध्ये उतरलो. तिथे जेन वॉर्नर प्लाझा नावाचा छोटासा चौक आहे, रंगीत खुर्च्या टाकलेला. त्या खुर्च्यांवर तीन-चार वयस्कर पुरुष बसले होते. पायांत बूट, डोक्यावर टोपी, मध्ये काही नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाई तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढं गार वारं सुटलंय, थंडी नाही का वाजत यांना?” मग जरा थांबून, “बसायला टॉवेल मात्र आणलाय हो प्रत्येकाने. घरचं वळण आहे.”

टॉवेल होता, पण तो वळणाचा नव्हता; कायद्याचा होता. आदल्याच वर्षी शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने, म्हणजे तिथल्या नगरसेवकांनी, नियम केला होता की विवस्त्र माणसाने सार्वजनिक बाकावर बसताना खाली कापड घ्यावं आणि उपाहारगृहात तसं जाऊ नये. तोवर या शहराच्या रस्त्यांवर नुसतं विवस्त्र असणं बेकायदा नव्हतं. पुढे कॅस्ट्रोतल्याच रहिवाशांच्या आणि दुकानदारांच्या तक्रारी वाढल्या, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ६ विरुद्ध ५ मतांनी सरसकट बंदी आली. ठराव मांडणारे स्कॉट वीनर स्वतः समलिंगी, आणि त्याच वस्तीचे प्रतिनिधी. पण बंदीत एक फट मुद्दाम ठेवली: परवाना घेतलेली मिरवणूक, जत्रा, शर्यत यांना ती लागू नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी ठरावीक रस्त्यावर मोकळीक, बाकी दिवशी चड्डी घाला. आमच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं जो तात्त्विक काथ्याकूट चालतो, त्याचा व्यवहारापुरता निकाल असा अकरा जणांनी मतदान करून लावला. काठावरच्या बहुमताने लावला हेही बरंच झालं. असे निकाल काठावरच असावेत. आणि वीनर? ते पुढेही फॉल्समच्या जत्रेत लेदरचं जाकीट घालून हजर. यात विसंगती दिसत असेल, तर दोन प्रश्न अजून एकाच गाठोड्यात आहेत.

आता ‘पण’वाल्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा. सभ्य दिसण्याचा फायदा होतो. हे नाकारणाऱ्यांनी इतिहास वाचलेला नसतो. फ्रँक कॅमेनी हे हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ. समलिंगी म्हणून १९५७ मध्ये त्यांची सरकारी नोकरी गेली. १९६५ पासून दर ४ जुलैला फिलाडेल्फियात निदर्शनं व्हायची, तेव्हा त्यांचा दंडक असा की पुरुषांनी सूट-टाय, बायकांनी स्कर्ट. सरकारी नोकरी मागायची तर नोकरी देण्याजोगं दिसा, हे त्यांचं तर्कशास्त्र. सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी कार्यकर्ते हार्वे मिल्क १९७३ ची पर्यवेक्षक मंडळाची निवडणूक हरले. मग त्यांनी पोनीटेल कापली, गांजा सोडला, बाथहाऊसची, म्हणजे समलिंगी पुरुष संभोगासाठी जमत त्या स्नानगृहांची, पायरी चढायची नाही असं ठरवलं, सूट अंगात चढवला, आणि १९७७ मध्ये निवडून आले. २००४ च्या फेब्रुवारीत या शहराने समलिंगी जोडप्यांची लग्नं लावायला घेतली, तेव्हा पहिली जोडी म्हणून कुणाला उभं केलं? डेल मार्टिन आणि फिलिस लायन. पन्नास वर्षं एकत्र संसार केलेल्या, ऐंशीच्या आसपासच्या दोन आज्या. एकमेकींच्या कपाळाला कपाळ टेकलेला त्यांचा फोटो पाहून ज्यांचं मत बदललं, त्यांचं चामड्याचा पट्टा पाहून बदललं असतं का? नसतं. हे मी बिनशर्त कबूल करते.

पण त्याच आज्यांच्या चरित्रात चाळीस वर्षं मागे चला. १ जानेवारी १९६५. पोल्क स्ट्रीटवरचा कॅलिफोर्निया हॉल. मार्टिन आणि लायन यांच्यासारखे कार्यकर्ते आणि काही प्रोटेस्टंट पाद्री यांनी मिळून एक परिषद काढली होती. तिच्या मदतीसाठी नववर्षाचा वेषांतराचा नाच ठेवलेला. पाद्र्यांनी पोलिसांना आधी भेटून रीतसर कल्पना दिली होती. तरीही संध्याकाळी दारासमोर पोलिसांच्या गाड्या, प्रखर दिवे आणि कॅमेरे. गाऊन घातलेले पुरुष, सूट घातलेल्या बायका, त्यांच्यामध्ये गळ्याला पांढरी पट्टी लावलेले धर्मगुरू आणि त्यांच्या बायका, प्रत्येकाचा आत जाताना एक फोटो आणि बाहेर पडताना एक. त्या काळी असा फोटो नोकरी घालवायला पुरेसा होता. ‘आत यायचं तर तिकीट काढा किंवा वॉरंट दाखवा’ असं पोलिसांना सांगणारे तीन वकील पकडले गेले, तिकिटं घेणारी एक बाई पकडली गेली. दुसऱ्या दिवशी पाद्र्यांनी पत्रकार परिषद घेतली, आणि खटला कोर्टात उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनीच ज्युरीला निर्दोष ठरवायला सांगितलं. शहरातल्या चळवळीचं पान तिथे उलटलं असं मानतात.

मला त्या रात्रीतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पाद्र्यांकडे सभ्यता होती, भरपूर होती, आणि ती त्यांनी गाऊनवाल्यांच्या पुढे ढाल म्हणून धरली. ‘आम्ही सभ्य आहोत, हे दुसरे जरा अति करतात’ असं म्हणून ती पोलिसांपुढे ओळखपत्रासारखी नाचवली नाही. सभ्यतेचा उपयोग होतो हे मान्य केल्यावर खरा प्रश्न उरतो तो हा: कुणासाठी? कॅमेनींच्या दंडकाचं शेवटी काय झालं? १९६९ च्या निदर्शनात दोन बायका हातात हात घालून चालायला लागल्या आणि कॅमेनींनी जाऊन ते हात सोडवले. हात धरण्याच्या हक्कासाठी निघालेली ती मंडळी! स्टोनवॉलला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, आणि फिलाडेल्फियातलं हे निदर्शन शेवटचं ठरलं. सूट चुकीचा नव्हता. सूट ही प्रवेशाची अट झाली, ते चुकलं.

ज्यांना ‘अति’ म्हणतात त्यांचा हिशेबही जरा वही उघडून बघावा. १९६१ मध्ये होझे सारिया पर्यवेक्षक पदासाठी उभे राहिले. उघडपणे समलिंगी असलेला अमेरिकेतला हा पहिला उमेदवार. धंदा काय? ब्लॅक कॅट नावाच्या बारमध्ये बाईचा वेष घालून ऑपेराची विडंबनं गाणं. पडले, पण साडेपाच हजारांवर मतं घेऊन पडले, आणि समलिंगी लोकांची मतं मोजावी लागतात हे शहराला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मिल्क निवडून येण्याच्या सोळा वर्षं आधी. १९६६ च्या ऑगस्टमध्ये टेंडरलॉइन भागातल्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात पोलिसाने एका पारलिंगी बाईला हात लावला, तिने कप भरून कॉफी त्याच्या तोंडावर फेकली, आणि दंगल पेटली. तेही स्टोनवॉलच्या तीन वर्षं आधी. वर्तमानपत्रांनी साधी दखल घेतली नाही, म्हणून नेमकी तारीखसुद्धा इतिहासात उरलेली नाही.

आणि फॉल्सम स्ट्रीट. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण आमच्या ग्रुपवर या जत्रेची माहिती फोटोच्या पलीकडे कुणालाच नसते. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेचा हा भाग म्हणजे गोदामं, छोटे कारखाने, आणि एकेका खोलीची स्वस्त हॉटेलं. त्यांत निवृत्त खलाशी आणि गोदीकामगार राहायचे. रात्री माणूस नसायचा, भाडं कमी, म्हणून साठच्या दशकात लेदरवाल्यांचे बार इथे आले. फोर्थ आणि हॅरिसनच्या कोपऱ्यावर टूल बॉक्स. तिथल्या भिंतीवर चक अर्नेटने दणकट पुरुषांचं भलंमोठं चित्र रंगवलं होतं, आणि १९६४ च्या जूनमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने ते दोन पानांवर छापून अख्ख्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात पोचवलं. हेतू सावध करण्याचा असेल. पण कुठल्याशा आडगावात एकट्या कुढणाऱ्या कितीतरी पोरांना त्या पानांनी पत्ता दिला. मग शहराला इथे प्रदर्शन केंद्र, संग्रहालयं, हॉटेलं हवीशी झाली. म्हातारे भाडेकरू कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले, थोडी घरं मिळवली, बरीच गमावली. १९७१ मध्ये टूल बॉक्सही पाडला. बाकी इमारत गेली, पण चित्राची भिंत तेवढी दोन वर्षं तशीच उभी राहिली. भर चौकात, दिवसाउजेडी, कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे पाहत.

जत्रा सुरू झाली ती १९८४ मध्ये, आणि ती कुणी कामोत्सव म्हणून सुरू केली नाही. मायकल व्हॅलेरियो आणि कॅथलीन कॉनेल हे दोघे घरांच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते. हा भाग ओसाड आहे, उकिरडा आहे, म्हणून पाडायला हरकत नाही, असं शहर म्हणत होतं. इथे माणसं राहतात हे दाखवायला त्यांनी रस्ता बंद करून मेळा भरवला. चामडं त्यात आलं कारण चामडेवाले तिथले रहिवासी होते. आज या वस्तीला शहराने अधिकृत सांस्कृतिक परिसर म्हणून दर्जा दिला आहे आणि रिंगोल्ड गल्लीत काळ्या ग्रॅनाइटवर अर्नेटचं ते चित्र कोरलं आहे. सरकारचं असंच असतं; आधी पाडायचं, मग कोरायचं.

आता दुसऱ्या बाजूला, पोरांना, न आवडणारी गोष्ट. तेच १९८४. एड्सने माणसं पटापट मरत होती, आणि बाथहाऊस चालू होती. ऑक्टोबरमध्ये आरोग्य संचालक मर्विन सिल्व्हरमन यांनी चौदा ठिकाणं बंद करायचा हुकूम काढला. चळवळ उभी फाटली. बंद करा म्हणणाऱ्या समलिंगी कार्यकर्त्यांनाच गद्दार म्हटलं गेलं. स्वातंत्र्याचा मुद्दा खोटा नव्हता. पोलीस एकदा आत शिरले की बाहेर निघत नाहीत हे सगळ्यांनी भोगलं होतं. तरीही, माझ्या मते, ‘आमच्या जागेला हात लावाल तर आमच्या अस्तित्वाला हात लावलात’ हा पवित्रा त्या वर्षी अनेकांच्या जिवावर बेतला. ‘कुठे आणि कसं’ या प्रश्नाला ‘कोण’ या प्रश्नाचं कवच चढवलं की असं होतं. दोन महिन्यांच्या आत न्यायालयाने मधला मार्ग काढला: जागा उघडा, पण खोल्यांची दारं काढा आणि देखरेखीला माणूस ठेवा. पुढे बहुतेक जागा आपोआप बंद पडल्या.

मग ‘पण’वाले जिंकले? थांबा. कंडोम वापरा हे त्या लोकांना समजेल अशा भाषेत सांगितलं कोणी? सिस्टर्स ऑफ पर्पेच्युअल इंडल्जन्स नावाचा एक जथा आहे, १९७९ च्या ईस्टरपासूनचा: दाढ्या राखलेले, तोंडाला पांढरा रंग फासलेले, जोगिणींच्या वेषातले पुरुष. कॅथलिकांना त्यांचा राग येतो, आणि तो मला समजतो. पण १९८२ मध्ये, सरकारी खाती शब्द शोधत बसलेली असताना, या जथ्याने ‘प्ले फेअर’ नावाची पुस्तिका काढली. सुरक्षित संभोगावरची ही अगदी सुरुवातीची पुस्तिका; भाषा चावट, माहिती चोख. चोख असणारच, कारण लिहिणाऱ्यांत खरे परिचारक होते. त्यांतला बॉबी कॅम्पबेल, जथ्यातलं नाव सिस्टर फ्लोरेन्स नाइटमेअर. त्याने १९८१ मध्येच आपल्या पायांवरच्या जांभळ्या डागांचे फोटो कॅस्ट्रोतल्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर चिकटवले होते: असे डाग दिसले तर डॉक्टरकडे जा. १९८४ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. ज्याला लाज वाटत होती तो असा फोटो चिकटवू शकला असता का? एरवी जिला आपण निर्लज्जपणा म्हणतो, तीच गोष्ट त्या काचेवर सार्वजनिक आरोग्याची सेवा होती.

लहान मुलांचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. फॉल्समला रस्त्याच्या दोन्ही टोकांना अडथळे असतात, फाटकावर देणगीचा डबा घेऊन कुणीतरी उभं असतं. बाबागाडी ढकलत चुकून आत शिरलो असं होत नाही. प्राइडची गोष्ट वेगळी, तिथे मुलं असतात आणि असावीत. भर रस्त्यात संभोग नको, हे मलाही वाटतं, आणि तसा परवाना कुणी मागतही नाही. पण चामड्याचा पट्टा हा पट्टाच आहे. आठ वर्षांच्या मुलाला त्यात एक विचित्र वेष दिसतो. त्यामागची गोष्ट दिसते ती आपल्याला. आणि ज्या शहरांत आपण विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे द्व्यर्थी गाण्यांवर, दारू पिऊन नाचणाऱ्यांच्या खांद्यावर आपलीच नातवंडं बसलेली पाहिली, तिथून आलेल्यांनी मुलांच्या कोवळ्या मनाचा मुद्दा जरा जपून वापरावा.

बदनामीच्या काळजीचं उत्तर २०२५ ने परस्पर दिलं. गेली काही वर्षं सॅन फ्रान्सिस्को प्राइड जास्तीत जास्त सभ्य होत चाललं होतं: कंपन्यांचे चित्ररथ, एकसारखे टी-शर्ट, पाण्याच्या मोफत बाटल्या. वॉशिंग्टनचं वारं फिरलं आणि कॉमकास्ट, ॲनहॉयझर-बुश, डियाजिओ यांनी त्या वर्षी प्रायोजकत्व सोडलं. चळवळ बदनाम होऊ नये म्हणून ज्यांना पुढे बसवलं ते पंगतीतून उठले. पट्टेवाले गृहस्थ होते तिथेच होते. त्यांना उठून जायला दुसरी पंगत कुठे आहे?

हा वाद आपल्याकडेही पोचलेला आहे. १९८६ मध्ये बे एरियातल्या भारतीयांनी त्रिकोण ही संस्था काढली. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट काढणारे बिंदुमाधव खिरे इथे नोकरीला असताना त्रिकोणच्या संपर्कात आले होते. २०११ मध्ये पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली, तेव्हा कपडे साधे, सभ्य असावेत असा आग्रह होता, आणि त्यावरून नाराजीही झाली. पहिल्यांदा लक्ष्मी रोडच्या शहरात उतरताना ही सावधगिरी मला चूक वाटत नाही. ती ‘कुठे आणि कधी’ची गोष्ट आहे. मात्र तेच ‘हिजड्यांना मागे ठेवा’ इथवर आलं, की कॅमेनींनी सोडवलेले हात आठवावेत.

आणि आपल्याला यासाठी फिलाडेल्फियापर्यंत जायची गरजही नाही. कपड्यांची ताकद बाबासाहेब आंबेडकरांइतकी कुणाला कळली होती? १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, लुगडं नीट नेसा. स्वतः चारचौघांत सहसा सूट. आणि १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक प्रश्नांवरच्या मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा वकीलपत्र कुणी घेतलं? याच सूटवाल्या माणसाने. ज्याच्या मासिकाचं नाव काढलं तरी पुण्या-मुंबईची सभ्य मंडळी कानांवर हात ठेवायची, त्याच्यासाठी. खटला हरले. पण कर्व्यांना आधी जरा सभ्य लिहा आणि मग या, असं ते म्हणाले नाहीत.

गेल्या सप्टेंबरात मी यातलं निम्मंअर्धं ग्रुपवर लिहिलं. एका काकांनी विचारलं, “सगळं ठीक आहे, पण मग रेघ कुठे मारायची?” रेघ मारलेली आहे, काका. फॉल्सम स्ट्रीटवर, एट्थपासून थर्टीन्थपर्यंत, रविवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. पहाटे पालिकेची माणसं येऊन अडथळे लावतात, सहानंतर रस्ता झाडतात, आणि सोमवारी सकाळी तिथून रोजची बस जाते.